ज्याचा त्याचा उजेड

एकाच गुहेच्या तोंडाशी चौघं उभे आहेत आणि चौघांना चार गुहा दिसतायत. भैरू जातीचा खुजा. खुज्यांना अंधारातही साठ फुटांपर्यंत दिसतं, पण रंग दिसत नाहीत, सगळं राखाडी. चंद्राच्या हातात मशाल आहे. मशालीभोवती वीस फूट लख्ख, पुढचे वीस फूट मंद, त्यापुढं काळोख. सोनबानं पैसे वाचवायला मशाल घेतलीच नाही. चंद्राच्या उजेडात जे उजळतं तेवढंच त्याला दिसतं, आणि ती कोपऱ्यावर वळली की त्याच्या पडद्यावर मिट्ट. मीरसाहेब मागं खांबाआड राहिलेत. त्यांच्यापुढं फक्त खांब.

"समोर कोणीतरी बसलंय," भैरू म्हणतो.

"कुठं? मला तर काहीच दिसंना."

"अरे, हे काय तुझ्या पुढ्यात."

"माझ्या पुढ्यात अंधार हाय बाबा. काय बसलंय ते तरी सांग."

मग भैरू सांगू लागतो. केवढं आहे, तोंड कुठं आहे, हालतंय की नाही. सोनबा विचारतो, चंद्रा मध्येच म्हणते की तिला तर तिथं नुसता दगड दिसतोय. मीरसाहेब म्हणतात, ठरवा लवकर, तोवर मी खांब बघतो. हे सगळं चालू असताना मी जिंतुरात, दुकानामागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून गप्प बसलेला असतो. भैरू पुण्यात, चंद्रा संभाजीनगरात, सोनबा हैदराबादेत, मीरसाहेब शारजात. आमच्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा शारजात आठ. चौघंही मूळचे इथलेच. त्यांची खरी नावं इथं नकोत. शनिवारी रात्री ती आम्ही वापरतही नाही.

खेळाची रीत थोडक्यात अशी. एकानं जग मांडायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र होऊन वावरायचं. खेळाडूनं सांगायचं, मी अमुक करतो. मांडणाऱ्यानं सांगायचं, मग तमुक झालं. होईल की नाही अशी शंका आली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. जिंकण्याहरण्याचा हिशेब नाही, शेवट ठरलेला नाही. मांडणाऱ्याला जगभर गेम मास्टर म्हणतात, आमच्यात मास्तर. दिवसा मी लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरतो, सातबारे काढून देतो, झेरॉक्स मारतो. रात्री मास्तर.

हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा, पण आमचं टेबल खरं नाही. ते ब्राउझरमध्ये उघडतं. त्यावर चौकटींचा नकाशा, एक चौकट म्हणजे पाच फूट. प्रत्येकाच्या पात्राची एक गोल सोंगटी, तिला टोकन म्हणतात. मी नकाशावर भिंती आखतो, दिवे ठेवतो, दारं बसवतो, आणि कोणत्या टोकनला किती दिसतं ते भरतो. पुढचं सॉफ्टवेअर करतं. टोकन सरकलं की त्याच्या डोळ्यांपासून भिंतींपर्यंत किरण मोजतं आणि त्या खेळाडूच्या पडद्यावर तेवढाच तुकडा उघडतं. मला सगळं दिसतं. हवं तर एखाद्या टोकनवर टिचकी मारून त्याच्या डोळ्यांनीही बघता येतं. माझा निम्मा खेळ त्यातच जातो. कोणाला काय दिसत नाही, ते बघण्यात.

या न दिसण्याला मोठा इतिहास आहे, आणि त्याचं एक टोक आपल्याकडं आहे. चतुरंग इथून निघाला, इराणातून, अरबांकडून युरोपात पोचला आणि बुद्धिबळ झाला. बुद्धिबळात लपलेलं काही नसतं. समोरच्याचा उंट कुठं आहे हे मला दिसतं आणि मला दिसतंय हे त्याला दिसतं. १७८० साली ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या प्राध्यापकानं बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या, गावं मांडली आणि त्याचा युद्धखेळ केला. मग १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्यानं, वडिलांनी सुरू केलेलं काम पुढं नेत, खऱ्या प्रदेशाचा नकाशा आणला. नुकसान फाशांवर ठरू लागलं. आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये त्यानं एक पंच बसवला. दोघांनी आपापले हुकूम पंचाला द्यायचे. शत्रूची जी तुकडी तुमच्या सैन्याला खरोखर दिसू शकेल तेवढीच पंच नकाशावर ठेवणार. बाकीची कुठं आहे हे पंचालाच माहीत. युद्धात ज्यांवर निर्णय घ्यायचे त्या गोष्टी बहुतांशी धुक्यात असतात, असं त्याच सैन्यातला क्लाउझेविट्झ लिहीत होता. त्याचा ग्रंथ १८३२ मध्ये, तो गेल्यावर निघाला. सॉफ्टवेअरवाल्यांनी या काळ्या आवरणाला आजही युद्धाचं धुकं असंच नाव ठेवलंय.

तो पंच म्हणजे माझा खापरपणजोबा. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेझली यानं असाच एक युद्धखेळ मांडताना प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला, ज्याचा त्याचा वेगळा मतलब दिला, आणि मंडळी लढायचं सोडून एकमेकांशी बोलत सुटली. त्यात डेव्ह आर्नेसन होता. त्यानं पुढं ब्लॅकमूर नावाचं आपलं जग उभं केलं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहान गावातल्या गॅरी गायगॅक्सच्या हाती ते लागलं, आणि १९७४ च्या जानेवारीत दोघांच्या नावानं डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर पडलं. पहिली छपाई एक हजार खोक्यांची.

पण या प्रवासात पंचाचा पडदा विरला. पाचसहा जण एका टेबलाभोवती बसले की नकाशा एकच, सगळ्यांच्या पुढ्यात. मास्तर म्हणतो, हे फक्त भैरूला दिसलं. ऐकलेलं मात्र सगळ्यांनी असतं. मग बाकीच्यांनी माहीत नसल्याचं नाटक करायचं. चांगले खेळाडू ते छान करतात, पण नाटक ते नाटकच. फार तर मास्तर चिठ्ठी सरकवतो किंवा एकाला उठवून स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगतो. संगणकावरच्या टेबलांनी हे नाटक संपवलं. फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे, रोल ट्वेंटी २०१२ पासून. आम्ही वापरतो ते फाउंड्री, मे २०२० मध्ये आलं. जग टाळेबंदीत घरी बसलं होतं आणि टेबलाभोवती जमणं बंद होतं, नेमकं तेव्हा. या टेबलांची जाहिरात चित्रांच्या जोरावर होते: हलतं पाणी, तडतडणाऱ्या मशाली, खिडकीबाहेरचा पाऊस. मला त्यातलं खरं दान वेगळं वाटतं. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा अंधार मिळाला.

सुरुवातीला मीही चित्रांच्या नादी होतो. खेळ आमच्याच संगणकावर चालवता येतो, विकत फक्त मास्तरनं घ्यायचा, बाकीच्यांनी नुसता दुवा उघडायचा, हे वाचून खूश झालो होतो. जिंतुरातून तसं जमलं नाही. इकडच्या जोडण्यांवर अनेक घरांमागं बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच असतो. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत नेमक्या माझ्या दारापर्यंत येता येत नाही. फाउंड्री तीस हजार क्रमांकाच्या दारावर वाट बघत बसते, आणि तिथवर कोणी पोचतच नाही. शेवटी मुंबईतल्या एका सर्व्हरवर थोडी जागा भाड्यानं घेतली. खेळ जिंतूरचा, खेळाडू चार गावांचे, आणि टेबल मुंबईत. पोरं कामाला जातात तसं टेबलही गेलं.

इथल्या भाषेची मात्र त्याला अडचण नाही. टोकनखाली भैरू असं देवनागरीत झळकतं, गप्पांच्या चौकटीत मराठी सरळ उमटते. फासा टाकायची आज्ञा तेवढी रोमन अक्षरांत द्यावी लागते. आणि बोलणं आमचं आमच्या वळणाचं. शारजात दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून आलेले मीरसाहेब पहिल्याच वाक्याला "काय करू लालास रे मास्तर" म्हणतात तेव्हा परभणी जिल्हा कुठंही असो, तो तिथं असतो.

फाशांचंही एक सांगायला हवं. हाताची ऊब नाही, टेबलावरचा खडखडाट ध्वनिमुद्रित. सोंगट्या खेळताना आमची आजी कवड्या मुठीत घोळवून त्यांच्याशी बोलायची. इथं बोलायला समोर काही नाही. पण एक सोय अशी आहे जी खऱ्या फाशाला कधीच जमणार नाही. खेळाडू फासा टाकतो आणि किती पडलं ते त्यालाच दिसत नाही. फक्त मास्तरला दिसतं. सोनबा भिंत चाचपून बघतो, चोरदार आहे का म्हणून. मी म्हणतो, काही सापडलं नाही. आता दान चांगलं पडलं होतं आणि दार खरंच नव्हतं, की दान वाईट पडलं आणि दार हुकलं, हे त्याला कळायची सोय नाही. एक पडला की वीस हे न कळता पुढं जायचं. मी रोज ज्यांचे अर्ज भरतो त्या माणसांना या नियमाचं नवल वाटलं नसतं.

चित्र दाखवून कथा सांगणारे आपल्याकडंही आहेत. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. एकेका कथेच्या चित्रांचा जुडगा, त्याला ते पोथी म्हणतात. एक चित्र पुढं धरायचं, वीणेच्या सुरावर कथा सांगायची, मग पुढचं चित्र. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या कलेची एक जुनी शाखा आमच्या जवळची, पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रं. मोठ्या डोळ्यांची, धाडसी रंगांची. तिथं चित्र समोरच्या सगळ्यांना सारखं दिसतं आणि सांगणारा एक असतो. कीर्तनातही तसंच. माझ्याही डोक्यात मास्तर म्हणजे तसाच कोणी होता. सांगणारा मी, ऐकणारे ते. या टेबलानं ते उलटं केलं. मी एक वाक्य बोलतो आणि पुढची दहा मिनिटं ते एकमेकांना सांगत राहतात, कारण सांगितल्याशिवाय गत्यंतर नसतं. ज्याला दिसतं त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते आणि ज्याला दिसत नाही त्याला विचारण्याची लाज उरत नाही. "मला दिसंना" हे वाक्य आमच्या खेळात सगळ्यात जास्त वेळा येतं. एरवीच्या आयुष्यात हे चौघं, आणि मी पाचवा, हे वाक्य किती सहज म्हणतो?

या खेळाची पुस्तकं परदेशी, त्यामुळं त्यात गमती होतात. १९७७ च्या त्यांच्या राक्षसकोशात आपला राक्षस आहे: तोंड वाघाचं, अंगात उंची कपडे, आणि तळहात उलटे. चंद्रानं चित्र बघितलं आणि म्हणाली, आपल्याकडं हडळीचे पाय उलटे, यांच्याकडं राक्षसाचे हात. कोणीतरी कोणाला तरी अर्धवट सांगितलेलं दिसतंय. १९८० च्या दुसऱ्या एका ग्रंथात इंद्र, अग्नी, वरुण यांना अंकांत बसवलंय, किती घाव सोसतील ते धरून. तो ग्रंथ आम्ही उघडत नाही. आमचे राक्षस आमच्या रानातले. आमच्या खेळातली हडळ सोयाबीनच्या गंजीमागं बसते.

आणि नकाशेही हळूहळू तालुक्यातलेच झाले. तयार किल्ले, तयार तळघरं हजारांनी मिळतात. सगळ्यांना ओकच्या लाकडाची दारं आणि पेटलेली शेकोटी. भैरू एकदा म्हणाला, मास्तर, या सरायीत मला भाकरी मिळंल असं वाटत नाही. तेव्हा मी चारठाण्याची बारव आखायला घेतली. चारठाणा आमच्याच तालुक्यातलं, जुन्या मंदिरांचं गाव. उंच दगडी स्तंभ आहे, पायऱ्यांची बारव आहे. वरून बघितलं तर बारव म्हणजे चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट. या टेबलासाठीच कोणीतरी आधी खोदून ठेवावी अशी. अडचण एवढीच की टेबल सपाट आणि बारव खोल. प्रत्येक टप्प्याला मी उजेड थोडा थोडा कमी करत नेला. उतरणाऱ्याला पाणी दिसायच्या आधी स्वतःच्या पायाखालचा दगड दिसेनासा होतो, एवढं जमलं.

येलदरीचं धरण आखलं. पूर्णेवरचं हे धरण, त्याचं वीजघर, भिंतीमागं क्षितिजापर्यंत पाणी. आमच्या कथेत त्या पाण्याखाली एक पेठ आहे आणि तिथले दिवे अजून चालू आहेत. पाण्याला कोणती भिंत लावायची याचा मी बराच विचार केला. या सॉफ्टवेअरमध्ये भिंतींचे प्रकार असतात. साधी भिंत: पाऊल अडतं, नजरही अडते. दार. चोरदार, जे फक्त मास्तरला दार म्हणून दिसतं. एक भिंत अशी की नजर पार जाते पण पाऊल अडतं. खिडकीला, काचेला ती लावतात. आणि एक उलटी: पाऊल जातं, नजर अडते; पडद्याला, धुराला. पाण्याला मी काचेची लावली. पेठ दिसू दे, जाता येऊ नये.

नेमगिरी मात्र जपून आखला. गावाजवळच्या त्या डोंगरातल्या जैन गुंफा आम्ही लहानपणापासून बघितलेल्या. दारं इतकी बुटकी की अंग चोरून, वाकून आत शिरावं लागतं, आणि आत गेल्यावर मूर्ती अशा भव्य की या दारातून या आल्या कशा हे पहिलं कोडं. पार्श्वनाथांची मूर्ती तर एका लहानशा दगडावर टेकलेली, अधांतरी वाटावी अशी. अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. अशा ठिकाणी राक्षस सोडणं शक्यच नव्हतं. खेळात नियम झाला: शस्त्रं पायथ्याशी ठेवायची, फासा एकदाही टाकायचा नाही. तीन तास चौघं नुसते वाकून आत जात होते, बाहेर येत होते, एकमेकांना सांगत होते. सगळ्यात शांत आणि सगळ्यात लांबलेली रात्र ती.

मग साहजिकच मागणी आली, जिंतूरच काढ. आपलं. आपण दहावीत होतो तेव्हाचं.

मी गाव सोडलेलं नाही, त्यामुळं हे काम सोपं जाईल असं वाटलं. बसस्थानक, परभणी रस्ता, येलदरी रस्ता, बाजार, आमची गल्ली, गल्लीच्या टोकाचा मोठा वाडा. भिंती आखल्या, दिव्यांचे खांब ठेवले, पिंपळ लावला. शनिवारी उघडला आणि तासभर खेळ सुरूच झाला नाही. चंद्रा म्हणाली, या घरांना मागचं दार कुठंय? बायका पुढच्या दारानं नव्हत्या जात एकमेकींकडं. परसातून सगळ्या घरांची एक वाट होती. मला ती वाट ठाऊकच नव्हती. तिनं एकेक दार सांगितलं, मी बसवत गेलो. मीरसाहेबांनी मशिदीमागची दोन वळणं दुरुस्त केली आणि एका ओट्याची जागा हलवली. त्या ओट्यावर रमजानात संध्याकाळी काय मांडलेलं असायचं ते भजी-खजुरासकट सांगितलं. भैरूच्या नकाशात नळाची रांग होती. पिंपळापासून सुरू होऊन वाड्याला वळसा घालून जाणारी. ती भिंत म्हणून आखावी की माणसं म्हणून, यावर वाद झाला.

सोनबा गप्प होता. मी म्हटलं, वाड्याचं बरोबर आहे ना? चौक, चौकात तुळस, डावीकडं माजघर, वर माडी. आपण सगळे तिथं खेळायचो.

"तुम्ही खेळायचे," सोनबा म्हणाला. "मी ओसरीच्या पुढं कधी गेलो नाही. तू तिथं दार काढलंयस ना, मास्तर? माझ्यासाठी ती खिडकी होती."

आवाजात राग नव्हता. नकाशात चूक दाखवावी तसं तो बोलला. कोणी काही बोललं नाही. मग मीरसाहेब म्हणाले, माजघरात मीही नाही गेलो कधी. चौकापर्यंत. चंद्रा म्हणाली, मी स्वयंपाकघरापर्यंत, पण महिन्यातले काही दिवस नाही. एका वाड्याच्या तीन हद्दी पडद्यावर मांडल्या गेल्या आणि मी आखलेल्या वाड्यात सगळी दारं उघडी होती.

सोनबाला ते दार खिडकी करून देता आलं नसतं का? नाही. सॉफ्टवेअरला ते येत नाही. तिथं भिंत सगळ्यांना सारखी असते. जी एकाला अडवते ती सगळ्यांना अडवते. जे दार आहे ते सगळ्यांसाठी दार आहे. वेगळा असतो तो फक्त उजेड. आणि गावात नेमकं याच्या उलट असतं. ऊन सगळ्यांवर सारखं पडतं. वाड्याचा चौक सोनबाला ओसरीवरून स्वच्छ दिसत होता, तुळशीसकट. भिंत मात्र ज्याची त्याची वेगळी. आणि ती ज्याला अडवत नाही त्याला ती आहे हेच दिसत नाही. इतकी वर्षं त्याच गल्लीतून रोज जाणारा मी, मला ती दिसली नव्हती. शारजाहून, हैदराबादेहून ती दिसत होती.

लोक म्हणतात, पडद्यावरच्या खेळानं माणसं लांब जातात. असतील. पण टेबलाभोवती समोरासमोर बसलो असतो तर हा विषय निघाला असता असं मला वाटत नाही. समोरासमोर आम्ही बरीच वर्षं बसलेलो होतो. एक नकाशा मध्ये लागला, आणि "तुला काय दिसतं" हे एकमेकांना विचारायची लागलेली सवय.

या धुक्याचा आणखी एक नियम आहे, तो मला उशिरा उमगला. टोकन एखाद्या खोलीतून पुढं गेलं की ती खोली पुन्हा पूर्ण काळी होत नाही. तिच्या भिंती, दारं, फरशी अंधूक राखाडी दिसत राहतात. बघितलेली जागा पडदा लक्षात ठेवतो. पण त्या जागेत आत्ता कोण आहे ते दाखवत नाही. तुम्ही निघाल्यावर तिथं कोणी आलं, कोणी गेलं, दिवा विझला, तुम्हाला कळत नाही. गाव सोडून गेलेल्यांचं गाव असंच असतं. भिंती पक्क्या, माणसं गायब. मीरसाहेब अजून मला एका किराणा दुकानाची खूण सांगतात, तिथं आता मोबाईलची काच बदलून मिळते. पण हे फक्त गेलेल्यांचं असं नाही. मीसुद्धा ज्या खोल्यांत पुन्हा गेलो नाही त्या मला राखाडीच आहेत. सोनबाच्या घरी मी शेवटचा कधी गेलो होतो ते मला सांगता येणार नाही. त्याची आई अजून गावातच असते.

दिवाळी जवळ आली तशी चंद्रानं एक मागणी केली. ती या वर्षी गावी येणार आहे. म्हणाली, जिंतूरचं धुकं परत काळं कर. मला राखाडी नको. आधी पायांनी बघते, मग टोकननं. तशी कळ आहे. एका टिचकीत सगळ्यांनी बघितलेलं पुसलं जातं. पण ती एकट्यापुरती चालत नाही, पुसलं तर सगळ्यांचं. म्हणून मतं घेतली. भैरू म्हणाला, पूस, मलाही नळाची रांग पुन्हा बघायची हौस नाही. मीरसाहेब म्हणाले, नको. त्यांचं घर विकलं गेलंय, घेणाऱ्यानं पाडून नवं बांधलंय. जुनं घर आता जगात एकाच ठिकाणी उभं आहे, माझ्या नकाशावर, आणि तेही राखाडी. तेवढं राहू दे.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, त्यामुळं मतमोजणी करावीशी वाटेना. फाउंड्रीत एखाद्या देखाव्याची नक्कल काढता येते. नक्कल निघते तेव्हा भिंती, दिवे, दारं सगळं तसंच येतं, पण कोणी काय बघितलं ते येत नाही. ती प्रत्येकाला कोरी काळी मिळते. तशी काढली. जुनं जिंतूर मीरसाहेबांसाठी आहे तिथंच राहील. नव्यात दिवाळीपर्यंत मी गावभर फिरून भिंती तपासणार आहे: परसदारं, ओटे, मोबाईलचं दुकान, नवं बांधकाम. वाडा अजून उभा आहे, त्यात आता भाडेकरू राहतात. ओसरी ओलांडून आत जायला हल्ली कोणाला विचारावं लागत नाही. सोनबाच्या आईकडंही जाऊन यायचंय. ते घर मला आतून आखता येत नाही.

सोनबाचं मत राहिलं होतं. तो म्हणाला, मला काय, दोन्ही चालतील. पण नव्यात वाड्याच्या दारापाशी रांग लावू नका.

एरवी कोणी आधी हलायचं ते फाशांवर ठरतं. या वेळी फासा टाकायचा नाही, असं चौघांनी ठरवून मला कळवलंय. नव्या जिंतुरात पहिली चाल सोनबाची.